भर दिवसाचा अरोरा: डोळ्यांना का दिसत नाही आणि उपकरणांना कसा सापडतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. मोठं भूचुंबकीय वादळ ऐन दुपारी शिखराला पोहोचलं, केपी निर्देशांक (वादळाची तीव्रता सांगणारा ० ते ९ चा आकडा) ८ ते ९ असल्याचे इशारे येत होते आणि आकाश निरभ्र होतं. अशा वेळी डोक्यावर अरोरा, म्हणजे ध्रुवीय आकाशातला रंगीत प्रकाश, असतो का? असेल, तर त्याच्या हिरव्या रेषेचा, ५५७.७ नॅनोमीटरचा, अरुंद पट्ट्याचा फिल्टर आणि थंड केलेला चांगला कॅमेरा लावून तो टिपता येईल का? आणि त्या दुपारी फोटोत आलेले फिकट, एकमेकांना समांतर पट्टे अरोराचे असू शकतात का?

उत्तरं त्याच क्रमाने देतो. पुरेशा उंच चुंबकीय अक्षांशावर (भौगोलिक ध्रुवाऐवजी चुंबकीय ध्रुवाच्या हिशेबाने मोजलेल्या) असाल तर हो, तो डोक्यावर असतो. त्या फिल्टरने तो टिपता येणार नाही. आणि ते पट्टे जवळपास नक्कीच सिरस ढगांचे आहेत. दिवसाच्या आकाशाचे वर्णपट घेणं आणि त्यातून नको असलेला सूर्यप्रकाश काढून टाकणं हेच माझं काम असल्यामुळे मधल्या प्रश्नावर मी जास्त रेंगाळणार आहे.

अरोरा रात्रीच घडतो ही समजूत पाहण्याच्या सोयीतून आलेली आहे. चुंबकीय ध्रुवाभोवती अरोराचं एक कडं असतं. ते चोवीस तास तिथेच असतं आणि पृथ्वी त्याच्याखाली फिरत राहते. शांत काळात या कड्याची रात्रीकडची बाजू ६५ ते ७० चुंबकीय अक्षांशांच्या दरम्यान सापडते. दिवसाकडची बाजू अरुंद असते आणि ध्रुवाच्या जास्त जवळ, साधारण ७५ ते ७८ अंशांवर. दुपारच्या बाजूला चुंबकांबरात, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या कवचात, एक खाच आहे, तिला कस्प म्हणतात. तिथून सौर वाऱ्यातले (सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोतातले) इलेक्ट्रॉन फारसे प्रवेगित न होता खाली उतरतात. त्यांची ऊर्जा कमी असल्यामुळे ते २०० किलोमीटरच्या वरच अडतात, आणि म्हणून तिथला अरोरा मुख्यतः लाल असतो: अणुरूप ऑक्सिजनची ६३०.० नॅनोमीटरची रेषा.

हा दुपारचा लाल अरोरा डोळ्यांनी पाहता येईल अशा जागा पृथ्वीवर मोजक्याच आहेत. नॉर्वेचा आर्क्टिकमधला द्वीपसमूह स्वालबार्ड ही त्यातली सगळ्यांत सोयीची. तिथलं मुख्य गाव लाँगइयरब्येन ७८ अंश उत्तरेला आहे, त्यामुळे डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजाखाली साडेअकरा अंशांच्या आसपास असतो. तिथली चुंबकीय दुपार घड्याळाच्या दुपारआधीच येते, जागतिक वेळेनुसार साधारण ९ वाजता. शेल हेन्रिक्सन वेधशाळा २००८ पासून तिथे याच कामात आहे. पण हा झाला दिवसाच्या बाजूचा अरोरा, अंधारात पाहिलेला. तुमचा प्रश्न सूर्य वर असतानाचा आहे, आणि या दोन गोष्टींची गल्लत इतकी सर्रास होते की ‘दिवसाचा अरोरा पाहिला’ असं कोणी म्हणालं की मी आधी सूर्य कुठे होता ते विचारतो.

वादळात काय बदलतं? सौर वाऱ्याचं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं असलं की दिवसाच्या बाजूला त्याच्या आणि पृथ्वीच्या क्षेत्ररेषांची जोडणी जोरात चालते आणि संपूर्ण कडं फुगून विषुववृत्ताच्या दिशेने सरकतं. कस्पसुद्धा ६५ अंशांच्या आसपास येऊ शकतो. म्हणजे एरवी ज्यांच्या डोक्यावर दिवसा काहीच नसतं, अशा बऱ्याच मोठ्या भूभागावर ऐन उन्हात अरोरा सुरू असतो. एक बारकावा इथेच सांगतो. १९९६ मध्ये न्यूएल, मेंग आणि ल्यॉन्स यांनी उपग्रहांच्या नोंदींवरून दाखवलं की तीव्र, ठळक पट्ट्यांचा अरोरा उजेडातल्या वातावरणात कमी घडतो. सूर्यप्रकाशाने आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा आयनित थर, आधीच विद्युतवाहक झालेलं असतं, त्यामुळे इलेक्ट्रॉनांना वरून जोरात ढकलण्याची गरज कमी पडते. म्हणजे दिवसा अरोरा नुसता झाकला जातो असं नाही, काही अंशी तो मंदही असतो. वादळं हे नुकसान भरून काढतात, आणि दिवसाच्या निरीक्षणांसाठी आम्ही वादळांची वाट पाहतो त्यामागे हेही एक कारण आहे.

आता आकडे, कारण सगळा वाद आकड्यांनीच मिटतो. अरोराची तेजस्विता चार पायऱ्यांत सांगण्याची जुनी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. पहिली पायरी १ हजार रेले (आकाशातल्या मंद प्रकाशाचं तेज मोजण्याचं एकक), दुसरी १० हजार, तिसरी १ लाख आणि चौथी १० लाख रेले. पहिली म्हणजे आकाशगंगेच्या पट्ट्याइतकी जेमतेम, आणि चौथीच्या अरोरात जमिनीवर पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड पडतो. या चौथ्या पायरीच्या हिरव्या अरोराचं पृष्ठतेज डोळ्यांच्या मापात बदलून घेतलं तर ते दर चौरस मीटरला सुमारे ०.२ कँडेला येतं. निरभ्र दिवसाचं आकाश काही हजार कँडेलांचं असतं. म्हणजे आयुष्यात एखाद्या वेळी दिसणारा अरोराही निळ्या आकाशापेक्षा दहा-वीस हजार पटींनी मंद. डोळ्याला आजूबाजूपेक्षा सुमारे एक टक्का तरी फरक लागतो. इथे फरक टक्क्याच्या शंभराव्या भागाच्याही खाली आहे. तीक्ष्ण नजर, उंच डोंगर, स्वच्छ हवा यांनी ही दरी भरत नाही.

मग फिल्टर? कल्पना चुकीची नाही, तिची धार पुरत नाही. अरोराचा प्रकाश मोजक्या रेषांत एकवटलेला असतो, तर विखुरलेला सूर्यप्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला. गोंगाटात कोणी एकाच सुराची शिट्टी वाजवत असेल, तर कान फक्त त्या सुराला लावायचा, असा हा प्रकार. प्रश्न एवढाच की तो सूर किती बारीक आहे. ६३०.० ची रेषा साधारण १००० केल्विन तापमानाच्या वायूतून येते आणि अणूंच्या उष्णगतीमुळे तिची रुंदी सुमारे ०.०३५ अँगस्ट्रॉम होते. अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग. हिरवी रेषा खालच्या, तुलनेने थंड थरातून येते, त्यामुळे ती आणखी बारीक, जवळपास निम्मी. बाजारात मिळणारा ‘अरुंद’ फिल्टर २ नॅनोमीटरचा म्हटला तरी २० अँगस्ट्रॉमचा झाला. रेषेच्या शेकडो पट रुंद.

दिवसाची पार्श्वभूमी दृश्य प्रकाशात दर अँगस्ट्रॉमला ढोबळमानाने १ कोटी रेले धरा. तुमच्या फिल्टरमधून २० कोटी रेले आकाश येईल आणि तिसऱ्या पायरीचा उत्तम अरोरा असला तर त्याचे १ लाख. प्रमाण दोन हजारात एक. ‘मग हजार फोटो एकावर एक रचू’ हा पुढचा युक्तिवाद नेहमी येतो. फोटॉनांचा यादृच्छिक गोंगाट त्याने खरोखर कमी होतो. पण दिवसाचं आकाश स्वतःच इतकं एकसारखं नसतं. सूर्यापासूनच्या अंतराप्रमाणे ते उजळ-मंद होतं, धूळ आणि बाष्पाचे डोळ्यांना न दिसणारे थर त्यातून सरकत असतात, आणि लेन्सच्या आतले परावर्तनांचे डागही त्यात मिसळतात. हे सगळे फरक दोन हजारात एकापेक्षा कितीतरी मोठे. रचलेल्या फोटोत शेवटी या डागांचीच आकृती उमटते, आणि ती कमानीसारखी दिसली की मनाला हवं ते सापडतं.

हेच गणित ०.०३ अँगस्ट्रॉमच्या खिडकीने करा. पार्श्वभूमी ३ लाख रेलेवर उतरते आणि अरोरा १ लाखाच्या घरात. आता तो अदृश्य राहिलेला नाही. दिवसाच्या अरोराचं जे काही शास्त्र आहे ते या एका भागाकारावर उभं आहे.

इतकी बारीक खिडकी मिळवण्याचं सगळ्यांत जुनं हत्यार म्हणजे फॅब्री-पेरो एटॅलॉन: अंशतः परावर्तन करणाऱ्या दोन अत्यंत सपाट काचा, ठरावीक अंतरावर, काटेकोर समांतर. ते अंतर काही नॅनोमीटरनी बदललं तरी खिडकी रेषेवरून सरकते, म्हणून तापमान सांभाळणं किंवा अंतर सतत विद्युत पद्धतीने मोजून दुरुस्त करणं भाग पडतं. दुसरी अडचण अशी की एटॅलॉन एकच तरंगलांबी सोडत नाही. तो समान अंतरांवरच्या अनेक खिडक्या एकदम उघडतो. रात्री याची फारशी फिकीर नसते, कारण बाकीच्या खिडक्यांतून येण्यासारखं काही नसतं. दिवसा प्रत्येक खिडकीतून ऊन आत शिरतं. म्हणून वेगवेगळ्या अंतरांचे एटॅलॉन एकामागून एक लावून नको असलेल्या खिडक्या एकमेकांकडून बंद करून घ्याव्या लागतात. डेव्हिड रीस, मार्क काँडे आणि त्यांच्या स्वीडिश सहकाऱ्यांनी दिवसाच्या अरोराची जमिनीवरून घेतलेली पहिली प्रकाशीय प्रतिमा २००० साली प्रसिद्ध केली, ती याच वाटेने. तिला ‘फोटो’ म्हणताना मी थोडा कचरतो. ती मोजमापांतून उभी केलेली प्रतिमा आहे, आणि तिचं मोल त्यातच आहे.

त्याआधीची एक वाट अगदी वेगळी होती. निळ्या आकाशाचा प्रकाश ध्रुवित असतो, म्हणजे त्याच्या लहरी मुख्यतः एकाच दिशेत कंप पावतात; अरोराचा आणि वायुदीप्तीचा (वरच्या वातावरणाच्या रोजच्या मंद चमकेचा) जवळपास नसतो. नॉक्सन आणि गुडी यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हा फरक वापरून दिवसाची ६३०.० ची वायुदीप्ती जमिनीवरून पकडली. त्या काळची इलेक्ट्रॉनिक्स पाहता ही कामगिरी मला आजही अचाट वाटते.

अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीने १९८० च्या दशकाच्या अखेरीस तयार केलेल्या दिवसा-वायुदीप्तिमापकाने हे काम नियमित नोंदींपर्यंत आणलं. त्यातली युक्ती समजून घेण्यासारखी आहे. एटॅलॉनमुळे पडणाऱ्या वर्तुळाकार पट्ट्यांतला एक भाग रेषेचा असतो आणि शेजारचा नुसत्या पार्श्वभूमीचा. हे दोन भाग एका मुखवट्याच्या साहाय्याने आळीपाळीने, झपाट्याने मोजायचे. पार्श्वभूमी बदलण्याआधीच तिची वजाबाकी झालेली असते, त्यामुळे एखादं विरळ अभ्र सरकून गेलं तरी मोजणी कोसळत नाही. याच उपकरणांच्या घराण्याने १९९० च्या दशकात अंटार्क्टिकातल्या मैत्री या भारतीय स्थानकावरून दिवसाचा अरोरा मोजला. अंटार्क्टिकाच्या उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. तिथे दिवसा मोजता आलं नाही, तर काही महिने काहीच मोजता येत नाही.

नंतरच्या पिढीने एटॅलॉनऐवजी एशेल जाळीचे (प्रकाश अतिशय बारकाईने रंगांत फोडणाऱ्या विवर्तन जाळीचे) वर्णपटलेखक वापरले. लांब चीर, उच्च विभेदन, आणि एका दमात आकाशाचा मोठा पट्टा. डुग्गिराला पल्लमराजू आणि सुप्रिया चक्रवर्ती यांनी अशाच उपकरणाने ३० ऑक्टोबर २००३ च्या वादळात बोस्टनवरून ६३०.० च्या दिवसाच्या अरोराची नोंद केली आणि २००५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. बोस्टन ४२ अंश उत्तरेला आहे. एरवी अरोराचं कडं त्याच्या खूप उत्तरेला असतं. त्या वादळात डीएसटी निर्देशांक (वादळामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात होणारी घट सांगणारा आकडा) −३८३ नॅनोटेस्लापर्यंत घसरला होता. तुमच्यासारखाच प्रश्न विचारणाऱ्यांना मी हेच उदाहरण देतो, कारण त्यात मध्यम अक्षांश, भर दिवस आणि जमिनीवरचं उपकरण या तिन्ही गोष्टी आहेत.

इथवरचं वाचून वाटेल की खिडकी बारीक केली की झालं. खरी ठेच पुढे लागते, वजाबाकीत. खोटे अरोरे इथेच जन्माला येतात.

सूर्याचा वर्णपट सपाट नसतो, त्यात हजारो काळ्या फ्राउनहोफर रेषा असतात. ६३०.० च्या आसपास लोहाच्या रेषा आहेत आणि आपल्याच वातावरणातल्या ऑक्सिजन रेणूंच्या शोषणरेषाही आहेत. सरळ उपाय असा वाटतो की थेट सूर्याचा वर्णपट घ्यावा, आकाशाच्या वर्णपटाशी त्याची पातळी जुळवावी आणि वजा करावा; उरेल तो अरोरा. तसं केलं की प्रत्येक काळ्या रेषेच्या जागी एक छोटा उंचवटा उरतो. १९६२ मध्ये ग्रेंजर आणि रिंग यांच्या लक्षात आलं की विखुरलेल्या सूर्यप्रकाशातल्या काळ्या रेषा थेट सूर्यप्रकाशातल्या रेषांपेक्षा किंचित उथळ असतात. हवेतले नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे रेणू प्रकाश विखुरताना त्याची तरंगलांबी थोडी बदलतात, आणि शेजारचा उजेड त्या खड्ड्यांत सांडतो. याला रिंग परिणाम म्हणतात. ही भर काही टक्क्यांची असते आणि आपण शोधत असलेला संकेतही काही टक्क्यांचा. दुरुस्ती न करता वजाबाकी केली तर शांत दिवशीसुद्धा ‘अरोरा’ निघतो. वातावरणातल्या ऑक्सिजनच्या रेषांचं वागणं वेगळं असतं. त्या सूर्य खाली उतरेल तशा खोल होतात, कारण प्रकाशाचा हवेतला प्रवास लांबतो. म्हणून दुपारी घेतलेला सूर्याचा वर्णपट संध्याकाळच्या आकाशाला चालत नाही.

वजाबाकी बरोबर झाली तरी उरलेला प्रकाश अरोराच आहे हे सिद्ध होत नाही. दिवसाची वायुदीप्ती त्याच रेषांत, काही हजार रेलेंच्या तेजाने, रोज चमकत असते. ती सूर्याच्या उंचीबरोबर संथपणे चढते-उतरते. वादळात वरच्या वातावरणातलं ऑक्सिजन आणि नायट्रोजनचं प्रमाण बदलतं, त्यामुळे अरोरा नसतानाही तिची पातळी हलते. म्हणून मी उरलेला आकडा किती मोठा आहे याच्याआधी तो कसा हलतो ते पाहतो. ध्रुवाच्या दिशेला तेज वाढतंय का? काही मिनिटांत उसळून खाली येतंय का? जवळच्या चुंबकमापकावरची उसळी त्याच वेळची आहे का? ६३०.० बरोबर ५५७.७ मध्येही काही हललं का? यांतल्या निदान दोन प्रश्नांना ‘हो’ आल्याशिवाय मी अरोरा हा शब्द वापरत नाही.

रेषेची निवडही विचार करून करावी. हिरव्या रेषेची ओढ फोटो पाहून लागते, पण दिवसा लाल रेषा जास्त कामाची. तरंगलांबी वाढते तशी हवेची विखुरण्याची क्षमता तिच्या चौथ्या घाताने घटते, त्यामुळे ४२७.८ च्या निळ्या पट्ट्यापेक्षा ६३०.० ला हे विखुरणं पाचपट कमी नडतं. शिवाय ती रेषाही रुंद, म्हणून तिच्यासाठी उपकरण बनवणं थोडं सोपं. तोटा असा की तो ऑक्सिजन अणू उत्तेजित झाल्यावर सुमारे ११० सेकंद थांबून प्रकाश सोडतो, त्यामुळे झपाट्याने होणारे बदल पुसले जातात. हिरव्यात हा काळ पाऊण सेकंदाहूनही कमी. याच तर्काने पुढे गेलं की अवरक्त भाग येतो. नायट्रोजन आयनाचा १.१ मायक्रॉनजवळचा पट्टा हिरव्या रेषेच्या दुप्पट तरंगलांबीवर आहे, म्हणजे तिथे विखुरणं सुमारे सोळापट कमी. स्वच्छ हवेत संधिप्रकाशातली निरीक्षणं तिथे बरीच लांबवता येतात. मला विचाराल तर येत्या काळातली खरी प्रगती या भागात होईल.

हे सगळं प्रयोगशाळेच्या खर्चाचं काम आहे. घरच्या उपकरणांनी काय करता येईल? ऐन दुपारचा नाद सोडा आणि संधिप्रकाशाकडे वळा. सूर्यास्ताच्या क्षणी उघड्यावर सुमारे ४०० लक्स उजेड असतो. सूर्य ६ अंश खाली गेला की ३ ते ४ लक्स उरतात आणि १२ अंशांवर ०.००८. दिवसाची दरी ज्या वेगाने इथे आटते, तसा वेग कोणतंच उपकरण देत नाही. माझा ढोबळ अंदाज असा: चौथ्या पायरीचा अरोरा सूर्य ४ ते ५ अंश खाली गेल्यावर दिसू लागेल, तिसऱ्या पायरीचा ७ अंशांच्या आसपास, आणि दुसऱ्या पायरीच्या अरोराला १० अंश तरी द्यावे लागतील. खग्रास सूर्यग्रहणाचा विचारही अनेकांच्या मनात येतो. खग्रास स्थितीतलं आकाश साधारण संधिप्रकाशाइतकंच उजळ असतं आणि क्षितिजाभोवती तर जास्तच, त्यामुळे असामान्य अरोरा आणि तीच दोन-तीन मिनिटं असा योग जुळावा लागेल. २० मार्च २०१५ चं ग्रहण स्वालबार्डवरून गेलं, मोठं वादळ होऊन गेलं होतं १७ तारखेला.

संधिप्रकाशात आणखी एक गोष्ट घडते, आणि माझ्या मते अरोराचं ते सगळ्यांत सुंदर रूप आहे. तुम्ही सावलीत असता, पण वरचा अरोरा उन्हात असतो. सूर्य १२ अंश खाली असताना पृथ्वीच्या सावलीची वरची कड तुमच्या डोक्यावर सुमारे १४० किलोमीटरवर असते, १८ अंशांवर सुमारे ३३० किलोमीटरवर. अरोराची हिरवी खालची किनार १०० ते ११० किलोमीटरवर, म्हणजे अंधारात. त्याच्या उंच शलाका मात्र सावलीच्या बाहेर डोकावतात. तिथले नायट्रोजन आयन सूर्यप्रकाश शोषून ३९१.४ आणि ४२७.८ नॅनोमीटरला परत सोडतात आणि शलाकांचे शेंडे निळे-जांभळे होतात. नॉर्वेच्या कार्ल स्टॉर्मर यांनी दोन ठिकाणांहून एकाच वेळी छायाचित्रं घेऊन अशा शलाकांची उंची काढली, ती १००० किलोमीटरपर्यंत भरली. १०–११ मे २०२४ च्या वादळात अनेकांच्या फोटोंत आलेला जांभळा रंग आठवून पाहा. उत्तरेच्या उंच अक्षांशांवर मे महिन्यात सूर्य रात्रीही क्षितिजाच्या फार खाली जात नाही, त्यामुळे उंच शलाकांना ऊन मिळत राहतं.

यासाठी साधा कॅमेरा पुरतो, फक्त त्यावर ध्रुवक फिल्टर चढवा. सूर्य क्षितिजापाशी असताना सर्वाधिक ध्रुवणाचा पट्टा सूर्यापासून ९० अंशांवर, डोक्यावरून उत्तर-दक्षिण असा जातो. शरद आणि वसंत संपाताच्या सुमारास तर अगदी नेमका. ध्रुवाच्या दिशेला पाहणाऱ्याची त्यामुळे सोय होते. आकाश ७० टक्के ध्रुवित असेल, तर फिल्टर योग्य कोनात फिरवल्यावर पार्श्वभूमी १५ टक्क्यांवर येते आणि अरोरा निम्मा उरतो. म्हणजे उठाव तिपटीहून जास्त. वर एक ओळखीची खूणही मिळते. फिल्टर फिरवला की आकाश उजळ-काळं होतं, अरोराचं तेज त्याने बदलत नाही. अर्धा ते दोन सेकंदांचे रॉ फोटो घ्या, पांढऱ्याचा तोल एका जागी बांधून ठेवा आणि रंगांची पातळी नंतर ताणू नका. पूर्वेच्या क्षितिजावर संध्याकाळी येणारा गुलाबी पट्टा लाल अरोरा म्हणून किती वेळा पुढे येतो याला गणती नाही. तो रोज येतो, वादळ असो वा नसो. उन्हाळ्यात उंच अक्षांशांवर ८३ किलोमीटरवरचे निशादीप्त ढगही असाच चकवा देतात, पण त्यांचा रंग चंदेरी-निळा असतो आणि रचना लाटांची.

दुपारच्या पट्ट्यांबद्दल आता वेगळं सांगायला फार उरलं नाही. सिरसचे समांतर पट्टे दृष्टिभ्रमामुळे क्षितिजावरच्या एका बिंदूकडे मिटताना दिसतात. अरोराच्या शलाका चुंबकीय शिरोबिंदूकडे, म्हणजे डोक्याच्या वर जरासं बाजूला, एकवटतात. पट्ट्यांवर सूर्याकडच्या बाजूला जास्त चमक असेल, वाऱ्याबरोबर ते संथ सरकत असतील किंवा त्यांच्यात प्रभामंडळाचा तुकडा दिसत असेल, तर विषय संपला. तरीही शंका राहिलीच, तर लेन्सपुढे विवर्तन जाळीची फिल्म धरा. ढग सलग रंगपट्टा देईल. अरोरा, तोही फक्त संधिप्रकाशात, वेगळी हिरवी रेषा देईल.

आणि ऐन दुपारी वादळ आलंच, तर प्रकाशाचा हट्ट सोडून रेडिओ आणि चुंबकसूची हाती घ्या. २ सप्टेंबर १८५९ च्या सकाळी, कॅरिंग्टन वादळात, बोस्टन आणि पोर्टलंडच्या तार कर्मचाऱ्यांनी बॅटऱ्या काढून टाकल्या आणि अरोराच्या प्रवाहावर संदेश पाठवले. बाहेर दिवस उजाडलेला होता आणि आकाशात कोणाला काही दिसत नव्हतं. आजचा हौशी रेडिओचालक १४४ मेगाहर्ट्झवर अँटेना ध्रुवाकडे वळवतो. अरोरातल्या आयनित पट्ट्यांवरून परतलेला संकेत खरखरीत, घोगरा ऐकू येतो. बोलणं कळत नाही, म्हणून मोर्स वापरतात. दुपार-संध्याकाळची वेळ याला विशेष अनुकूल असते. रिओमीटर हे आणखी एक साधन: आकाशगंगेतून येणारा ३० ते ४० मेगाहर्ट्झचा रेडिओ गोंगाट वेगवान इलेक्ट्रॉन उतरले की शोषला जातो, आणि ती घट भर उन्हात नोंदवता येते. संशोधन केंद्रांची मोठी रडारही दिवस-रात्र न पाहता काम करतात.

इशाऱ्यांकडे पाहताना केपीवर विसंबू नका, तो तीन तासांचा आकडा आहे. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या यानांकडून येणारा सौर वाऱ्याचा वेग आणि क्षेत्राचा दक्षिणेकडचा घटक पाहा. वेग सेकंदाला ८०० किलोमीटर असेल तर हातात जेमतेम अर्धा तास असतो. तेवढ्यात सूर्य किती अंशांवर आहे ते काढा. तो मावळायला तास-दीड तास असेल, तर ध्रुवक फिल्टर आणि जाळीची फिल्म बॅगेत टाकून मोकळं उत्तर क्षितिज मिळेल तिथे जा, दक्षिण गोलार्धात असाल तर दक्षिण क्षितिज. प्रत्येक फोटोची वेळ जागतिक वेळेत लिहा, ध्रुवकाचा कोन लिहा, आणि तोच देखावा फिल्टर ९० अंश फिरवून लगेच दुसऱ्यांदा घ्या. पुढे कोणी शंका घेतली, तर ही जोडी दाखवता येते.